इतिवृत्त कायम

रविवार, सकाळी साडेदहा. संस्थेचं वाचनालय, खालची खोली.
उपस्थिती : अडतीस, मला धरून.
गटार, गणपतीची वर्गणी, गेटचा वेल्डर :
तीन विषय पंधरा मिनिटांत संपले.
विषय क्रमांक चार : वरच्या दोन खोल्या
घोटकीहून आलेल्या तीन कुटुंबांना
सहा महिन्यांसाठी द्याव्यात का.

खासगीवाले म्हणाले, माणुसकीबद्दल दुमत नाही.
दुमत नाही म्हटलं की मी पेन सरसावते;
चोवीस वर्षं इंदूरच्या या एकाच टेबलाशी लिहितेय,
पुढचा शब्द मला पाठ आहे.
पण पार्किंग.
पण नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, तेही चाळीस मिनिटं.
पण आज सहा महिने, उद्या लाइटबिल त्यांच्या नावावर.
तेलंगकाका म्हणाले, अहो, आपलेच आहेत ते.
आपले म्हणजे? मागून कुणीतरी.
आपले म्हणजे आपले.
आणि आपले नसते तर?
हे पुराणिकांच्या सुनेनं विचारलं. नवी आहे, बडोद्याची.
पंख्याचा आवाज तेवढा वाढल्यासारखा वाटला.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

ज्यांच्याबद्दल चाललं होतं ते मागे सतरंजीवर बसले होते.
मराठी त्यांना येत नव्हतं.
आणि आम्ही, एरवी घरातसुद्धा निम्मं हिंदी बोलणारे,
त्या दिवशी एकमेकांशी
अगदी शुद्ध मराठीत बोलत होतो.

अर्जणदासच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद,
कागदावर फोटो, फोटोत तो आत्तापेक्षा जाड.
त्याची मुलगी भिंतीवरची पाटी वाचत होती,
हवेत बोट फिरवत, उजवीकडून :
य, ल, ना, च, वा.
तिच्या शाळेत अक्षरं तिकडून निघायची.

मध्येच त्याची बायको उठली. जमनाबाई.
वाटलं, आता हात जोडणार.
आपटेवहिनींनी तर पदर डोळ्यांपर्यंत नेऊनही ठेवला.
ती माझ्याकडे बघून म्हणाली,
"बहनजी, इधर पानी किस दिन आता है?"
मी म्हटलं, सोमवार, बुध... आणि थांबले.
एक दिवसाआडला ठरलेला वार नसतो.
"कल आएगा. सुबह साढ़े चार."
तिनं मान हलवली, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, खाली बसली.
हे मी लिहिलं नाही.
कुठल्या विषयाखाली लिहिणार?

कचोऱ्या आल्या तेव्हा मतं मोजायची राहिली होती.
अध्यक्ष म्हणाले, गार होतील, पटकन हात वर करा.
बाजूने अठरा. विरोधात एकोणीस.
एकोणिसांत तेलंगकाकांचा हात होता,
घड्याळाचा, थोडासाच वर.
अठरा आणि एकोणीस सदतीस.
अडतिसावा हात लिहीत होता.
कुणी विचारलं नाही. मीही पेन खाली ठेवलं नाही.
ठेवलं असतं तर बरोबरी, मग अध्यक्षांचं जादा मत,
ते बहुतेक विरोधातच पडलं असतं.
हे गणित मी फार वेळा करते. मेथी निवडताना,
आणि दर वेळी "बहुतेक"पाशी माझी काडी मोडते.

जाताना त्यांनी सतरंजीची घडी घातली, कुणी न सांगता,
आम्ही घालतो त्यापेक्षा नीट.
मुलीच्या हातात द्रोण होता, कचोरी तशीच.

पुढच्या महिन्यात सभा. विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचलं. डावीकडून.
हरकत? नाही.
सूचक खासगीवाले, अनुमोदक तेलंग. कायम.

वरच्या खोल्यांत आता मखर आहे, मोडक्या खुर्च्या आहेत,
आणि वॉशर गेलेला एक नळ.
एक दिवसाआड, पहाटे साडेचारला,
अंथरुणात पडल्या पडल्या मला ऐकू येतं :
तो चाळीस मिनिटं वाहतो.
बंद करायला वर कुणी नसतं.