चार इंची

पाणी आधी मोरीत थांबलं.
मग जाळीतून वर आलं, फेसासकट,
जणू सकाळची आंघोळ परत करायला.

मेचा तिसरा आठवडा, हनुमाननगर.
छेचाळीस अंश. अंगणातली माती
फरशीसारखी वाजत होती.

सोनकुसरे आले भर दुपारी,
डोक्याला ओला दुपट्टा, सायकलला बांबूच्या चिपा.
सब्बलीनं चेंबरचं झाकण उचललं,
आत वाकून पाहिलं.
"कावून जी, उंबर हाय का घरी?"

होता. आम्ही लावला नव्हता.
कुण्या पाखरानं कुंपणाच्या भेगेत ठेवून दिलेला,
आणि तोडायचं म्हटलं की
ह्यांचा हात कानाच्या पाळीला जायचा.
"उंबराखाली पाणी असतं म्हणतात," मी म्हटलं.
"हाय ना," ते म्हणाले, "तुमचंच हाय."

चिपेला आकडा लावून ओढत राहिले.
आधी केस आले, माझेच वाटले.
मग दोरी.
मग भसकन
हातभर, दोन हात, पुरुषभर,
तांबूस मुळांचा अख्खा खांब,
चार इंची, गोल,
पाइपाच्या मापानं शिवून घेतलेला.

त्यांनी तो नळाखाली धुतला.
का धुतला, मी विचारलं नाही.
तांडापेठेत त्यांच्या घरी चार माग होते,
शेवटचा भंगारात गेला तेव्हा पान्हा हाती धरला.
बोटांनी मुळं उकलत म्हणाले,
"वीण पाहा बाई. मंधात एक गाठ नाही.
किनार तेवढी सोडली त्यानं."

चिनी मातीचे जुने पाइप, सांध्यात केसाएवढी फट.
सतरा वर्षं तो तिथून जेवत होता:
तांदळाचं धुवण, भांड्यांचं खरकटं,
ह्यांची दाढी, माझं न्हाणं.
महालेखाकारांच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या वह्यांतल्या फटी शोधल्या.
ही दिसली नाही.

"मोरचूद टाका, दर सहा महिन्याले.
नाहीतर पीव्हीसी घाला, सलग."
तिसरा उपाय त्यांनी सांगितला नाही,
नुसतं वर उंबराकडे पाहिलं
आणि दुपट्टा पिळला.

पीव्हीसी घातला. अंगण उकरलं, पुन्हा बुजवलं,
अठरा हजार गेले.
पाणी आता मुकाट्यानं जातं.

त्या रात्री कूलर लावला.
महालातून आणलेला नवा वाळा,
त्यावर झिरपतं पाणी.
वास खोलीभर झाला तेव्हा लक्षात आलं,
ही पण मुळंच की.
ही विकत आणतो,
आणि बादलीनं पाजतो.

पंधरा दिवसांत उंबराची अर्धी पानं अंगणात.
झाडताना मी काही बोलले नाही.
कूलरच्या तळाच्या तोटीला
बागेची फाटकी नळी जोडली,
टोक नेऊन कुंपणाच्या भेगेशी ठेवलं.

"काय करून राहिली?" ह्यांनी खाटेवरून विचारलं.
म्हटलं, काही नाही. कूलर गळतो.
गळतोच आहे, तर तिकडे गळू दे.