पंधरा विभक्त्या

ओउलूत सकाळचे आठ. डिसेंबर. बाहेर काळोख,
बर्फ लोटणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
माझ्या भिंतीवरून फिरून जातो.
इलोइलोत दुपारचे दोन. तिकडे एवढं ऊन
की रोडेलिनची खिडकी माझ्या स्क्रीनवर
नुसतं एक पांढरं भोक.

सात चौकोन, सात नर्स.
होवेन्सिओ भावाच्या गॅरेजात, टायरांच्या उतरंडीवर फोन टेकवून.
नेनिता रात्रपाळीनंतर न झोपता
डायलिसिसच्या सामानखोलीत.
रोडेलिन स्वयंपाकघरात; टेबलाखाली तिचा मुलगा,
त्याचा फक्त पाय दिसतो, एका बोटाला पट्टी.
आणि एक कोंबडा. कोणाचा ते ठाऊक नाही,
पण हजेरी त्याचीच पूर्ण,
आणि म्यूट तो कधीच नसतो.

मी शिकवते: घर. घरात. घरातून. घराकडे.
आमच्या भाषेत पंधरा विभक्त्या,
बुटाला बर्फ चिकटावा तशा
शब्दाच्या टाचेला चिकटतात.
विभक्ती. शब्दच असा, की नुसता उच्चारला तरी
वर्गात कुणीतरी कुणापासून वेगळं होतं.

रोडेलिन नेहमी एकाच जागी चुकते.
'मी घरातून निघते' म्हणायचं असतं,
ती म्हणते, 'मी घरात निघते.'
मी लाल रेघ ओढते. ती मान डोलावते.
आणि पुन्हा घरातच राहते.

पूर्वी शांतता म्हणजे शांतता होती.
इकडे माणसं गप्प बसतात, तो सभ्यपणा.
आता कुणी गप्प झालं की मी पापणी बघते.
हलली, तर विचार चाललाय.
नाही हलली, तर नेट गेलंय.

आज धडा नववा: पेशंटला विचारा.
मी म्हातारी झाले, फार अभिनय लागला नाही.
त्यांना आधीच सांगितलं होतं,
आमच्याकडे दुखणं गुडघ्यात नसतं,
ते गुडघ्यात शिरतं,
पाहुणा बूट न काढता आत यावा तसं.
म्हणून दिशेची विभक्ती.

'मिहिन सात्तू?' रोडेलिननं विचारलं.
कुठे दुखतंय?
आणि तिचा चेहरा तिथेच थिजला,
ओठ शेवटच्या 'तू'वर गोल.

पुस्तकात उत्तर छापलेलं आहे: गुडघ्यात.
पण ऐकायला कोण होतं?
पापणी हलत नव्हती. बाकीचे सहाही थिजलेले,
कोंबडासुद्धा गप्प.
मी म्हणाले: नावात.
माझ्या नावात दुखतंय.
आई दोन गल्ल्या पलीकडे, वृद्धाश्रमात, तिसऱ्या मजल्यावर.
काल तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली,
किती मऊ हात तुमचे,
तुमची ड्यूटी कधी सुटते, बाई?
तुउलिक्की. नाव तिनंच ठेवलेलं.

बर्फाची गाडी पुन्हा गेली.
भिंत पिवळी झाली, विझली.

मग त्या थिजलेल्या तोंडातून,
ओठ जराही न हलता, आवाज आला:
'टीचर, चित्र गेलंय, पण ऐकू येतं.
नावात. तीच ना विभक्ती, गुडघ्याची?
हळू सांगा. लिहून घेते.'

कॉफीवर साय धरली होती.
मी हळू सांगितलं. एकेक अक्षर.
इथे स्वर लांबवा. आणखी. हं, तसा.
सातही जणांनी माइक उघडले
आणि माझं दुखणं म्हणून दाखवलं,
कुणी पुढे, कुणी मागे,
होवेन्सिओ सगळ्यात शेवटी, एकटाच, फार मन लावून.
उच्चार चांगले होते. मी तसं म्हटलं.

नेनितानं हात वर केला.
'मग आईला काय सांगितलंत?
ड्यूटी कधी सुटते?'

चारला, म्हटलं.
चारला सुटते.

तेही सगळ्यांनी लिहून घेतलं.
वेळ सांगणे. धडा सातवा.
तशी उजळणी राहिलीच होती.