आक्षेप नाही

चौतीस वर्षं मी ग्वाल्हेरच्या कचेरीत
दुसऱ्यांची बिलं तपासली.
कुणी, कधी, कशापोटी, कुणाच्या मंजुरीनं?
एवढं सुटलं की सही.

चिनूचं जहाज सात महिने अडकलं होतं
उत्तरेकडच्या एका बंदरात;
नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
बुडाला मालक, जहाज नाही.
पगार बंद, रात्री दोन तास दिवे,
उतरायचा परवाना कुठल्याशा टेबलावर.

इथे लष्करात मे महिना.
दौलतगंजच्या जिन्याच्या कठड्याला हात लावला तरी चटका,
नळ एक दिवसाआड,
आणि बादली भरेपर्यंत मी मनात म्हणायचो,
पोरगं पाण्यावर आहे.

मग एका दुपारी फोन.
बाईचा आवाज, इंग्रजी.
माझं इंग्रजी सगळं फायलीतलं:
'विथ रेफरन्स टु', 'फॉर नेसेसरी ॲक्शन'.
त्यात 'जेवला का' कुठेच बसेना.
तिनंच सांगितलं, एकेक शब्द हळू ठेवत:
जेवतो. त्याची दाढ काल काढून आणली.
लोणचं मागतो आहे, ते मात्र मिळालं नाही.

दाढ!
दाढेचं तो आम्हाला बोललाच नव्हता.

पुढे कळत गेलं.
इंगेबोर्गबाई. वय एकाहत्तर. शाळेत भूगोल शिकवायच्या.
आठवड्यातून तीनदा व्हॅन घेऊन धक्क्यावर:
तांदूळ, बटाटे, फोनची कार्डं, विणलेल्या टोप्या.
उतरायचा पासही त्यांनीच भांडून मिळवला.
फाटकाजवळ त्यांची एक खोली,
कॉफी, एका पायाखाली वीट असलेलं टेबल टेनिसचं टेबल,
आणि भिंतीवर नकाशा, ज्यात खलाशी
आपापल्या गावी टाचणी टोचतात.
चिनूनं टोचली ती इतकी आत
की बाई म्हणाल्या,
इथून तू पाण्यात पडलास कसा?

मी सवयीनं विचारलं,
व्हॅनचं पेट्रोल कुठल्या खात्यातून?
झालं तुमचं सुरू, म्हणाला.

तरी रात्री वहीत रकाने आखलेच.
दाढ, एक. टोपी, निळी, एक.
बटाटे अंदाजे. फोन मोजले नाहीत.
जमेला काही नाही.
मंजुरी कुणाची दिसत नाही.
कचेरीत असतो तर लाल शाईनं अर्धं पान भरलं असतं.

चिनू ऑगस्टात आला, दोन दिवस झोपला,
दिवाळी करून दुसऱ्या जहाजावर गेला.
टोपी इथेच राहिली. ग्वाल्हेरच्या थंडीत मीच घालतो.

डिसेंबरात ताजी गजक निघाली.
दीड किलो बांधून पोस्टात नेली.
फॉर्मवर विचारलं होतं: भेट, विक्री की नमुना?
मी इतका वेळ पेन धरून उभा
की खिडकीतल्या मुलीनंच 'भेट'वर खूण केली.
मागे रांग आहे, काका.

फेब्रुवारीत बाईंचं पत्र आलं.
गजक पोचली.
त्या दिवशी धक्क्यावर भलतंच जहाज होतं,
त्या पोरांनी सगळी संपवली.
त्यांचा स्वयंपाकी विचारतो आहे,
हे कुठल्या झाडाचं फळ?

उत्तराचा मसुदा चालू आहे.