चार नंबरचा हौद

इरय्या बिंगीच्या बोटावर
मतदानाची शाई कधी दिसत नाही.
गेल्या वेळी वॉर्डाच्या निवडणुकीला
शाळेच्या बाकामागची बाई
त्याचा हात उलटापालटा करून बघत राहिली:
कुठं लावू?
नखं निळी, पेरं निळी,
कातडीच्या घड्यांत आठवडाभराचा मरून.
"लावा कुठंबी," तो म्हणाला, "मी दोनदा येत नसतो."

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
मी टॉवेलांची बिलं करतो.
ऑर्डरीबरोबर एक कागद आला,
पुष्कळ देशांनी मिळून ठरवलेला:
पुढच्या मार्चपासून अमुक अमुक रंग बंद.
खाली बारीक अक्षरांत,
ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांनी
साठ दिवसांत मत कळवावं.
कोणत्या भाषांत, त्याची यादी होती.
मराठी नव्हती. तेलुगूही नव्हती.
एकोणपन्नास दिवस तो कागद
शेठच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होता.

जेवणाच्या सुट्टीत मी तो इरय्याला वाचून दाखवला,
अर्धा मराठीत, अर्धा माझ्या मोडक्या तेलुगूत.
"बरोबर हाय की बे," तो म्हणाला.
"तो लाल बंदच व्हायला पायजे.
शेवटी शेवटी बापाची लघवी त्याच रंगाची होती."
मग बराच वेळ भाकरी मोडत बसला.
"पण तिथं बसलेत त्यांना बसवलं कुणी?"
त्यांच्या त्यांच्या लोकांनी.
"आन् आपल्याकडनं कोण गेलतं?"
असेल दिल्लीचा कुणी साहेब.
"त्यानं हौद बघितलाय?"

फॉर्ममध्ये एक रकाना होता:
आपण कोणाचे प्रतिनिधी आहात?
उद्योग, संघटना, सरकार, इतर.
इतरवर टिचकी मारली
की एक कोरी ओळ उघडायची.
तो म्हणाला, लिही, चार नंबरचा हौद.

मत एवढंच:
रंग बंद करा. आधीच का नाही केला?
पुढच्या वेळी ठरवायच्या आत
बघायला माणूस पाठवा.
दुपारी तीननंतर.
त्याआधी वाफ असते, काही दिसत नाही.

चार हजार अक्षरांची जागा होती.
मी इंग्रजी केलं, जमेल तसं.
'हौद'पाशी अडलो.

पोच रात्रीच आली, यंत्राची:
आभार, आणि तेरा आकडी क्रमांक.
तो त्यानं खडूनं भिंतीवर उतरवून घेतला,
मीठ किती, सोडा किती, त्याच्या खाली.
दोन-चार दिवसांत वाफेनं पुसट होतो.
तो परत गिरवतो.

परवा एक आकडा चुकलेला दिसला.
मी काही बोललो नाही.