उतार, वारा, पाचोळा

आधी रक्तदाब मोजायचा, हा नियम.
लाकडी ओट्यावर सहा जण, बाह्या वर सरकवून.
यंत्राचा पट्टा दंडावर फुगतो, सुस्कारा टाकतो,
मी आकडा लिहून घेते. जाताना पुन्हा लिहायचा.
दोन आकड्यांतला फरक म्हणजे जंगल,
असं आमच्या कार्यालयाला वाटतं.

आजचे सहाही अग्निशमन दलातले,
ग्वांगजूहून बसने आलेले, सरकारी पत्र घेऊन.
बूट काढा म्हटलं तर एकमेकांकडे बघून हसले.
सगळ्यांत धाकटी गी दा-उन, तिने मोजेही काढले
आणि ओल्या मातीला पाय लागताच शहारली.

मी माझं नेहमीचं सुरू केलं:
डोळे मिटा. खांदे सैल सोडा.
ही सरूची झाडं, आमच्याकडे प्योनबेक म्हणतात,
यांचा वास छातीत भरून घ्या,
चार मोजेपर्यंत धरून ठेवा.
अकरा वर्षं म्हणतेय. आता माझं तोंड एकटंच म्हणतं,
मी तोवर डब्यात काय आहे ते आठवत असते.

पाच जणांनी डोळे मिटले.
सहावा, प्यो सांग-ग्यू, पन्नाशीचा,
एका कानाची पाळी चुरगळलेल्या कागदासारखी,
उघड्या डोळ्यांनी शेंड्यांकडे बघत राहिला,
मग बुंध्यांकडे,
मग आम्ही आलो त्या वाटेकडे.
बूट पायातच.

जवळ जाऊन हळूच विचारलं, जमत नाहीये का?
म्हणाला, घेतोय ना वास. तेलाचा आहे.
हे झाड ओलं असतानाही पेटतं, बाई.

अशा वेळी काय बोलायचं ते प्रशिक्षणात शिकवलंय:
विचार येतील, ढगांसारखे जाऊ द्या.
वाक्य अगदी जिभेवर होतं.
कसं कोण जाणे, मी विचारलं,
हे जंगल कसं जळेल?

थट्टा करतेय का, ते त्याने आधी पाहून घेतलं.
मग गुडघ्यावर बसला,
पाचोळ्यात मनगटापर्यंत हात घातला.
वरचा बोटभर थर कोरडा, खाली ओल आहे.
आग चढावर धावते, उतारावर म्हातारी होते.
वारा आत्ता झोपलाय, एकच्या सुमाराला दरीतून चढेल,
तो बघा, कोळ्याचा एकच धागा हलतोय.
या तीन झाडांच्या खालच्या फांद्या कुणी छाटल्या नाहीत,
ही शिडी झाली.
तो बुंधा पोकळ आहे, धुराड्यासारखा ओढेल,
पण आत कुणीतरी राहतंय, खाली ताजं पीस पडलंय.
आणि ओहोळापाशी, नेचे आहेत तिथे, ती थांबेल.
माणसं तिथे आणायची.

अकरा वर्षांत मला त्या तीन झाडांच्या फांद्या
दिसल्या नव्हत्या.
पीसही नाही.

बाकीच्यांनी एकेक करून डोळे उघडले होते,
भोवती येऊन उभे होते, अनवाणी.
चारपर्यंत कुणीच मोजत नव्हतं.
तो बोलत होता, बोटाने हवेत वारा काढून दाखवत होता,
आणि मधेच, अर्ध्या वाक्यात, थांबला.

तिथे ओहोळ नव्हता, म्हणाला.

कुठे, ते मी विचारलं नाही.
त्या पाच जणांना माहीत असावं.
दा-उन खाली बसली, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.
त्याने सोडू दिल्या.
मग बराच वेळ पाण्यात एक पाय.
दुसरा काठावरच, तयार.

जाताना पट्टा पुन्हा फुगला.
पाच आकडे खाली आले होते.
त्याचा सहाने वर.
मी सहाने वर असंच लिहिलं.
कार्यालयातून फोन येईल, येवो.

बस गेली. पुढच्या मंगळवारी दुसरे सहा जण,
बँकेतले की शाळेतले, आठवत नाही.
डोळे मिटा, हे म्हणायचं मी विसरले,
की म्हटलं नाही.

एकच्या सुमाराला वारा दरीतून चढतो.
खरंच चढतो.
डबा उघडाच राहतो मांडीवर, मी बघते:
आधी कोळ्याचा धागा,
मग नेचे,
मग, खूप वेळाने, शेंडे.