शुद्धिपत्र

माझं काम बोटांचं.
लोक शपथ घेऊन बोलतात, मी टंकते.
हुंदका टंकायचा नसतो.
कुणी नुसती मान हलवली तर म्हणायचं, तोंडानं उत्तर द्या.
आणि जे ऐकू येत नाही तिथं लिहायचं:
अस्पष्ट.

त्या मंगळवारी होमा गावात, लुइझियानाच्या दलदलीकाठी,
मासळीच्या आडतीवरच्या खोलीत
एसी खोकत होता, भिंती घामेजल्या होत्या,
आणि समोर व्हर्डीन आर्सेनो.
वय अठ्ठावन्न, धंदा कालवं फोडण्याचा.
मिनिटाला आठ, असं तिनं सांगितलं तेव्हा
दोन्हीकडचे वकील हसले.
तेवढंच काय ते एकमत.

गाडी भाच्याकडून घेतलेली, तिसऱ्या हातची.
बर्फाच्या कारखान्याशी वळताना खांबाला टेकली.
टेकलीच म्हणायची,
हेडलाइटची काचसुद्धा शाबूत.
पण स्टिअरिंगमधली पिशवी फुगायच्या ऐवजी फुटली.
जिनं छातीला झेलायचं
तिनंच गळ्यात पत्र्याची कपची मारली.
डॉक्टरांनी ती काढली, नखाएवढी.
आता बाटलीत आहे, पुरावा क्रमांक सहा.
कपचीबरोबर आवाजही निघून आला.
उरला तो
ओल्या वाळूवरून होडी ओढल्यासारखा.

कंपनीचे वकील होल्कम, मृदू माणूस.
त्यांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं.
मग विचारलं, ‘गाडी दुरुस्तीला परत बोलावल्याचं पत्र आलं होतं?’
पत्र गेलं होतं पहिल्या मालकाला,
वादळानं उचलून नेलेल्या घराच्या पत्त्यावर.
‘म्हणजे कंपनीनं पत्र पाठवलं होतं.’
अस्पष्ट.
‘जरा मोठ्यानं, बाई. नोंदीसाठी.’

हे वाक्य मी हजारदा टंकलंय.
त्या दिवशी बोटं अडली.

मधल्या सुट्टीत, कॉफीच्या यंत्रापाशी,
तिचा वकील क्लोव्हिस मला उगाच सांगत बसला:
दिरानं गाडी भंगारवाल्याला विकली होती, दोनशे डॉलरला.
ओढून न्यायचा ट्रक दारात उभा.
ही गळ्याला पट्टी बांधून फाटकात आडवी,
ओरडता येईना, म्हणून त्याचं पत्र धरलं डोक्यावर:
गाडी हलवू नका. तीच खरी साक्षीदार.
‘मुदत संपायला तीन आठवडे होते,’ तो म्हणाला.
‘तारीख टळली असती तर
त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला असता.’
मग कप चुरगाळत,
‘गाडी असेल तिसऱ्या हातची.
गळा पहिल्याच हातचा आहे.’

साक्ष संपली. एकशे बारा पानं.
साक्षीदाराला एक हक्क असतो, फारसा कुणी वापरत नाही:
आपली जबानी वाचायची,
चुकलं असेल ते दुरुस्त करायचं.
मी पानांसोबत कोरा तक्ता पाठवते, तीस दिवसांच्या बोलीवर.
पान, ओळ, काय छापलंय, काय हवं, कारण.
लोक आडनावाचं स्पेलिंग सुधारतात
आणि सही करतात.

दाव्याचं पुढं काय झालं, ठाऊक नाही.
टंकणाऱ्याला निकाल कुणी कळवत नाही.
पण तिचा तक्ता आला, एकोणतिसाव्या दिवशी,
कडेला कालवांचं पाणी लागलेला.
सतरा ठिकाणी मी ‘अस्पष्ट’ लिहिलं होतं.
सतराही तिनं भरून काढल्या, निळ्या बॉलपेननं, दाबून.

पान एकेचाळीस, ओळ नऊ:
पत्र घराला धाडलंत. गाडीत मी होते.
पान त्रेसष्ट, ओळ दोन:
चर्चला जाते. गात नाही, ओठ हलवते.
पान अठ्ठ्याण्णव, ओळ वीस:
पाणी नको होतं मला.

आणि कारणाच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत, सतरा वेळा,
खाडाखोड न करता:
मी बोलले होते.