घासकाम

लष्करात, बाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी दिघेबाईंच्या बायका घासायचो.
दिवसाला एक खांदा, कधी नुसतं कोपर.
कानाच्या पाळीला दोन दिवस.
‘कालच टोचलाय, हळू,’ म्हणायच्या बाई.

मग पडावच्या पुलावर ठेला कलंडला,
एकीचं नाक गेलं.
मी चिकटवायला धावलो.
बाई उकिडव्या बसून बघत राहिल्या बराच वेळ.
‘राहू दे. सुटली.’

पुढच्या वर्षी चेहरे आले नाहीत.
त्यानंतर हात. मग गिऱ्हाइकं.

आता घाटीगावच्या दगडाचा
नुसता एक फुगवटा येतो,
पोटाशी खळगा.
टाचेपासून सुरू करायची सवय माझी,
टाच सापडेना.
‘डोळे मीट. हात अडेल तिथून कर.’
बाहेर लू, पत्रा तापून कडकडतोय,
आणि खळग्यात, अजून, खाणीतला गारवा.

घरी सरोज विचारते, आज काय घासलंत?
पूर्वी सांगता यायचं: घोटा, मान.
काल ती भाकऱ्या करून उठत होती.
मी तिचा पिठाळ तळवा उताणा केला,
मधोमध अंगठा टेकवला.
हे.